परिपाठातला दिनविशेष जरा थांबून वाचा
विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षक-शिक्षिकांना खुले पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसतो. शाळेचं छत, शौचालय, पाण्याची टाकी यांवर आपलं बोलणं होतच असतं. आज त्यातलं काही मागायचं नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार यांच्या ओळीत जो दिनविशेष वाचला जातो, त्याच्यासाठी पाच मिनिटं मागायची आहेत.

दिनविशेष कसा वाचला जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाचवी-सहावीतलं एखादं लेकरू पुढे येतं, वहीत उतरवलेल्या चार ओळी एका दमात म्हणतं आणि रांगेत परत जातं. साल, नाव, 'पहिला' किंवा 'पहिली', जयंती, पुण्यतिथी, संपलं. यात तुमचा दोष काढायचा नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्याची घाई आम्ही पालक डोळ्यांनी पाहतो. पण त्या चार ओळींत जे आहे ते इतकं मोठं आहे की ते असं हातातून निसटलेलं पाहवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकाच तारखेला निरनिराळ्या साली पहिल्यांदा घडलेल्या दोन-तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा आणि लेकरांना विचारू द्या, "हे झालं कसं?" रोज जमणार नाही. आठवड्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ आहे.

एप्रिलमधलंच उदाहरण घेतो. ११ एप्रिलला आपण जोतिराव फुल्यांची जयंती करतो, १४ ला बाबासाहेबांची. गावात निळ्या पताका लागलेल्या असतात, शाळा सकाळची असते आणि साडेदहालाच मैदानात पाय भाजतात. या दोन मोठ्या दिवसांच्या मधली १२ तारीख एका ओळीत निघून जाते: "१९६१, युरी गागारिन अंतराळात जाणारे पहिले मानव." एवढंच. त्याच १२ एप्रिलला, १९५५ साली, पोलिओची पहिली यशस्वी लस जगाला मिळाली आणि १९८१ साली पुन्हा वापरता येणारं पहिलं अंतराळयान माणसं घेऊन उडालं. तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तर बघा काय काय हाती लागतं.

पोलिओपासून सुरुवात करा, कारण तो आपल्या दारात होता. पन्नाशीतला एखादा माणूस बारीक पाय टाकत, गुडघ्यावर हात दाबून चालताना आपल्या बहुतेक गावांत दिसतो. लेकरं त्याला रोज पाहतात, पण त्याला काय झालं होतं हे त्यांना ठाऊक नसतं. १२ एप्रिल १९५५ ला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी जाहीर केलं की जोनास साल्क यांची लस सुरक्षित आहे आणि ती पोलिओ रोखते. त्याआधी १९५४ साली सुमारे १८ लाख मुलं या चाचणीत होती. काहींना लस टोचली, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, काहींवर नुसती नजर ठेवली. ज्या भागांत दोन प्रकारची इंजेक्शनं होती तिथे कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं, म्हणजे निकालात कोणाच्या मनासारखं काही घुसू नये. विज्ञानाचा हा अख्खा धडा आहे आणि तो सहावीच्या लेकराला सहज कळतो.

त्याच दिवशी साल्क यांना टीव्हीवर विचारलं, या लसीचं पेटंट कोणाकडे आहे? ते म्हणाले, लोकांकडे, असं म्हणता येईल; पेटंट नाही, सूर्याचं पेटंट घेता येतं का? कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची किंमत दर हंगामात मोजणाऱ्या घरातल्या लेकरांना हा प्रश्न नीट कळेल.

पुढचा भाग मात्र गाळू नका. जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच एका कारखान्यात तयार झालेल्या लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघड झालं. मुलं लुळी पडली, दहा जीव गेले. लसीकरण थांबवावं लागलं, तपासणीचे नियम कडक झाले आणि मग काम पुन्हा सुरू झालं. काही घरांनी त्या पहिल्या लसीची फार मोठी किंमत मोजली, हे लेकरांना मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. लपवलं तर उद्या मोबाइलवर कोणीतरी अर्धवट सांगेल आणि ते खरं वाटेल.

मग आपल्या गावात या. आशाताईंच्या खांद्यावर बर्फाच्या पिशव्या घातलेली लसीची पेटी, तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण, रविवारी राहिलेल्या लेकरांसाठी पुढच्या दिवसांत घरोघरी फेरी आणि तपासलेल्या घराच्या दारावर खडूनं लिहिलेलं 'पी'. घरची माणसं कापूस वेचायला गेलेली असली तर या बाया वावरात जाऊन थेंब पाजून आल्या आहेत. थेंबांची लस आल्बर्ट सेबिन यांनी नंतर तयार केली, पण साल्क यांची टोचायची लसही आता आपल्याकडे दीड महिन्याच्या, साडेतीन महिन्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या बाळाला देतात. भारतात जंगली विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. परिपाठाला त्या दिवशी आशाताईंना बोलवा. १२ एप्रिलच्या दिनविशेषात त्यांचा हक्काचा वाटा आहे.

आता गागारिन. त्यांचे वडील सुतार होते आणि आई सामुदायिक शेतीवरच्या गोठ्यात काम करायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं घर बळकावलं तेव्हा हे कुटुंब जमिनीत खोदलेल्या खोपट्यात राहिलं. पोरगा पुढे ओतकाम शिकला, विमान चालवायला शिकला आणि सत्ताविसाव्या वर्षी 'व्होस्तोक' यानात बसून १०८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारून परत आला. उतरले ते रशियातल्या सारातोव्ह भागातल्या एका शेतात. तिथे आन्ना ताख्तारोवा नावाची बाई आपल्या नातीसोबत बटाटे लावत होती. नारिंगी पोशाख आणि पांढरं शिरस्त्राण घातलेला माणूस आभाळातून आलेला पाहून दोघी घाबरल्या. अंतराळातून आलेल्या पहिल्या माणसाला पृथ्वीवर पहिल्यांदा भेटल्या त्या शेतात राबणाऱ्या एक आजी आणि तिची नात. ही गोष्ट आमच्या लेकरांना सांगून बघा, डोळे कसे मोठे होतात ते.

कोणीतरी विचारेलच, "मॅडम, थो खाली कसा आला?" हा प्रश्न आला तर दिनविशेष सत्कारणी लागला समजा. कारण गागारिन यानासोबत उतरले नव्हते. साधारण सात किलोमीटर उंचीवर ते यानातून बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटनं खाली आले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे उड्डाणाचा विक्रम मान्य व्हायला वैमानिकानं यानातच उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत सरकारनं ही गोष्ट कित्येक वर्षं झाकून ठेवली. तरी अंतराळात गेलेला पहिला माणूस म्हणून त्यांचं नाव कायम राहिलं आणि राहायलाच हवं. पण पहिलेपण कोण ठरवतं, कोणत्या नियमानं ठरवतं, हा विचार लेकराच्या डोक्यात एकदा शिरला की ते कोणतीही बातमी वेगळ्या नजरेनं वाचतं.

बरोबर २० वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ ला, जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन 'कोलंबिया' उडालं. ही तारीख गागारिन यांच्या स्मरणार्थ निवडली होती असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. उड्डाण १० तारखेला ठरलं होतं. यानातल्या संगणकांचा आपापसात वेळेचा मेळ बसेना म्हणून ते दोन दिवस पुढे गेलं. हे आवर्जून सांगा, कारण तारखा जुळल्या की त्यात शुभ-अशुभ शोधणारी माणसं आपल्या अवतीभवती कमी नाहीत. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगात घडणाऱ्या गोष्टी अगणित, तेव्हा तारखा एकमेकींवर पडणारच. १४ एप्रिलला, इकडे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, कोलंबिया कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्याच्या टणक जमिनीवर विमानासारखं उतरलं. आणि लेकरांना हेही सांगा की कल्पना चावला यांचा १९९७ मधला पहिला अंतराळप्रवास याच यानातून झाला आणि १ फेब्रुवारी २००३ ला परतताना त्या गेल्या तेही याच यानात. कल्पना चावलांचं चित्र आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहे. त्या चित्रापासून १२ एप्रिलपर्यंत एक सरळ वाट जाते.

त्याच कोरड्या तळ्याशेजारच्या तळावरून, तेव्हा त्याला म्युरॉक म्हणत, १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर यांनी आवाजापेक्षा जास्त वेगानं विमान नेलं. असं करणारे ते पहिले. दोन दिवस आधी घोड्यावरून पडून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. विमानाचं दार आतून ओढून लावायला हात उचलेना, तेव्हा जॅक रिडली या सहकाऱ्यानं झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला आणि त्याच्या आधारानं त्यांनी दार लावलं. मोठ्या पराक्रमाच्या मागे असा एखादा जोडीदार असतो, त्याचं नावही वाचलं जावं.

पण १४ ऑक्टोबर ऐकल्यावर विदर्भातल्या कोणत्या घरात आधी विमान आठवेल? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून सविता आंबेडकरांसह स्वतः आधी धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो माणसांना २२ प्रतिज्ञा देऊन दीक्षा दिली. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरलाही तसाच सोहळा झाला. आमच्या भागातून माणसं रेल्वेनं गेली, बंडीनं गेली, पायी गेली, पांढरे कपडे घालून गेली. त्या गर्दीत असलेले आजी-आजोबा आज ऐंशीच्या पुढे आहेत. मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती इथे. आपण दिनविशेषात "धम्मचक्र प्रवर्तन दिन" एवढं वाचतो आणि त्या दिवशी मैदानावर असलेला माणूस शाळेपासून चार घरं सोडून ओट्यावर बसलेला असतो. त्याला कोणी विचारायलाच जात नाही की बाबा, तुम्ही कसे गेले, रात्री कुठे झोपले, काय खाल्लं, प्रतिज्ञा म्हणताना शेजारी कोण होतं. पुढच्या काही वर्षांत हे सांगणारं कोणी उरणार नाही. सर, मॅडम, यंदाच्या ऑक्टोबरात हे काम आधी करा, बाकी सगळं मागे राहिलं तरी चालेल.

याच दिवसाचा आणखी एक धडा आहे. दीक्षाभूमीवरची मोठी गर्दी विजयादशमीला होते आणि ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. एकच दिवस तिथीनं वेगळा येतो आणि तारखेनं वेगळा, हे दोन्ही कॅलेंडर समोर ठेवून दाखवलं तर भूगोल आणि गणित दोन्ही तिथेच शिकवून होतं.

व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारे दिनविशेषाचे तयार संदेश तसेच्या तसे फळ्यावर उतरवू नका, ही एक कळकळीची विनंती. त्यांत साल चुकतं, तारीख सरकते आणि 'पहिला' हा शब्द सढळ हातानं वाटलेला असतो. पुण्यातल्या भिडे वाड्यातली १८४८ ची मुलींची शाळाच घ्या. तिची तारीख कुठे १ जानेवारी दिलेली असते, कुठे ३ जानेवारी. शिवाय मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीही होत्या. सावित्रीबाई आणि जोतिरावांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. शेणमातीचा मारा सोसून, घरातून बाहेर पडावं लागूनही इथल्या माणसांनी इथल्या मुलींसाठी चालवलेली ती शाळा होती. नेमकं सांगितलं की ते मोठेपण जास्त ठसतं. दोन ठिकाणी पडताळा, पटलं नाही तर ती ओळ त्या दिवशी सोडून द्या.

१९ एप्रिलही चांगला भरलेला आहे: १९७१ ला पहिलं अंतराळस्थानक 'सल्यूत', १९७५ ला आपला पहिला उपग्रह 'आर्यभट्ट' आणि २०२१ ला मंगळावर 'इंजेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरचं ३९ सेकंदांचं पहिलं उड्डाण. तो दिवस विज्ञानाच्या शिक्षकांवर सोपवतो.

मला बोलायचं आहे १ जूनबद्दल. १ जून १९३० ला दख्खनची राणी पहिल्यांदा धावली आणि १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली. लाकडी बॉडी, वरून कापडी छप्पर. वाहक होते लक्ष्मण केवटे. तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रांतात होता, त्यामुळे ती गाडी आपल्यासाठी नव्हती. पुण्याकडची पहिली एसटी आणि आपल्या गावात आलेली पहिली लाल गाडी यांत बरीच वर्षं गेली. नेमकी किती, हे लेकरांना शोधायला लावा. गाडी आधी फाट्यापर्यंत यायची की गावात? पुलाच्या आधी आली की नंतर? पहिल्या दिवशी चालकाला नारळ कोणी दिला? म्हातारी माणसं साल सांगणार नाहीत, "मोठा पूर आला त्याच्या आदल्या मिरगात" असं सांगतील. त्यावरून साल काढणं म्हणजे इतिहासाचंच काम आहे.

आणि १ जून हा आमच्या गावातल्या कितीतरी माणसांचा कागदोपत्री वाढदिवस आहे. तुमच्याही गावात असेल. जन्माची नोंद नसायची, शाळेत नाव घालताना त्या वेळच्या गुरुजींनी वय बसेल असं साल धरलं आणि पुढे १ जून लिहून टाकलं. खरी तारीख आईला विचारली तर ती सांगायची, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नाहीतर वेचणी चालू असताना. लेकरांनी घरोघरी जाऊन कागदावरची तारीख आणि आईनं सांगितलेला दिवस दोन्ही लिहून आणले, तर एका तारखेवर इतकी माणसं कशी गोळा झाली हे त्यांना आपोआप समजेल. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून १ जूनचा दिनविशेष उघडण्याच्या दिवशी घ्यायला हरकत नाही.

शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर असतं. पुठ्ठा सुटलेला, कोपरे झिजलेले, शाई तपकिरी पडलेली. त्यात वरून खाली बोट फिरवत गेलं की मुलांच्या नावांच्या रांगेत एका ठिकाणी पहिल्या मुलीचं नाव येतं. त्याच ओळीत दाखल झाल्याची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा दोन शब्द असतात: "सतत गैरहजर." ती मुलगी का गैरहजर होती हे रजिस्टर सांगत नाही. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होती की निंदणाला गेली होती, हे गावच सांगू शकतं. ज्या तारखेला ती शाळेत आली ती तारीख आपल्या गावाचा दिनविशेष आहे आणि फळ्यावर गागारिन आणि साल्क यांच्या शेजारी तिला जागा मिळायला हवी. नाव वाचण्याआधी त्या घरी विचारायचं, आणि ती बाई आज हयात असेल तर तिलाच परिपाठाला बोलवायचं. पुढे गावातली पहिली दहावी पास मुलगी, पहिली पदवीधर, गावात लाइट आली तो दिवस, असं करत वर्षभरात एक वही भरेल. ती वही शाळेची राहील.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत हा विषय मी मांडतो आहे. वहीचा आणि खडूचा खर्च समिती करेल. गावातली कोणती म्हातारी माणसं बोलू शकतात, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला आणायला मोटारसायकल लागेल, याची यादी पालक तयार करतील आणि ठरलेल्या सकाळी त्यांना शाळेत आणून परत घरी पोचवण्याची जबाबदारी आमची. तुम्ही तारीख निवडा आणि आम्हाला आठ दिवस आधी कळवा. पऱ्हाटीला डवरणी सुरू असली तरी आम्ही येऊ.

आपला नम्र,
एक कास्तकार पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
जिल्हा यवतमाळ